खिळा कुठे ठोकायचा

घटस्थापना तोंडावर आली की जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या बाजारात फोटो फ्रेमच्या दुकानांवर कामाची रीघ लागते. टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीच्या यात्रेची तयारी सुरू झालेली असते आणि घराघरांत दसरा काढणं चाललेलं असतं. भांडी, वाकळा, धान्याच्या कोठ्या, सगळं बाहेर येतं. भिंतीवरच्या तसबिरी वर्षातून एकदा खाली उतरतात त्याही याच दिवसांत. मग कळतं की एकीची काच तडकलीय, दुसरीच्या मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय, तिसरीतला फोटो काचेला चिकटून बसलाय.

मी गेलो त्या दुकानाची रुंदी जेमतेम दहा फूट. मागच्या भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या पट्ट्या, सोनेरी, काळ्या, शिसवी. काउंटरवर एकामागून एक पिशव्या उघडत होत्या. एका आजोबांनी रुमालात बांधून बायकोचा फोटो आणला होता. एका तरुण शेतकऱ्याला मोबाइलमधला बैलजोडीचा फोटो मोठा करून हवा होता. जोडी उन्हाळ्यात विकली होती. “पोळ्याला सजवली व्हती तवाचा हाय. शिंगं कापू नका फ्रेममधी,” एवढीच त्याची अट. शाळेच्या गणवेशातल्या मुलीला घेऊन आलेल्या एका बाईंनी गुंडाळलेला कागद काउंटरवर उलगडला. मुलीनं इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या सरावासाठी काढलेलं वस्तुचित्र होतं ते : तांब्या, दोन वांगी आणि निळं फडकं. फडक्याच्या घड्या फार मन लावून रंगवल्या होत्या. “दादा, हे चांगल्या पट्टीत बसवा. देवाच्या फोटोची सोनेरी पट्टी नको,” बाई म्हणाल्या.

या अंकाचा विषय ‘घर’ ठरला तेव्हा संपादकांनी माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न सरळ होता. सजावटीसाठी ज्यांच्याकडे हजार-दोन हजारांपलीकडे पैसे नाहीत ते भिंतीवर काय लावतात, आणि चांगलं काही लावायचं असेल तर ते कसं जमवतात? मोठ्या शहरात या प्रश्नाचं उत्तर दुकानं देतात. तालुक्याच्या गावात ते ज्याचं त्याला शोधावं लागतं, म्हणून मी अंबडला आलो.

माळवदाखाली

जुन्या अंबडात अजून काही माळवदाची घरं तग धरून आहेत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचं धाबं. अशा घरात सजावट वेगळी आणावी लागत नव्हती. भिंत उभी राहतानाच तिच्यात देवळ्या आणि कोनाडे सोडलेले असत, खुंट्या ठोकलेल्या असत. देवळीत दिवा, कोनाड्यात पितळी डबे, खुंटीवर पागोटं. सणाच्या आधी भिंती पोतारून काढल्या की त्या कोऱ्या कागदासारख्या होत, आणि त्यांच्यावर बायकांचे हात चालत. नागपंचमीला नाग, श्रावणी शुक्रवारी जिवती, उंबऱ्याशी गेरूचे पट्टे, महालक्ष्म्यांच्या वेळी कुंकवाची पावलं. पुढच्या पोताऱ्यात हे सगळं पुसलं जाई आणि वर्षभरानं पुन्हा काढलं जाई. खर्च चिमूटभर गेरू, थोडा चुना आणि नीळ एवढाच.

जुन्या घरांतल्या तसबिरी छताला टेकल्यासारख्या उंच आणि पुढे झुकलेल्या का असतात, हे मला इथं उमगलं. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. ठोकला की ढलपा निघतो. म्हणून तसबीर वरच्या खुंटीला नाहीतर तुळईला दोरीनं टांगायची. वरून टांगलेली चौकट आपोआप पुढे झुकते, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या माणसाला तीच बरोबर दिसते. काचेवर उजेडाची तिरीपही कमी पडते. पुढे सिमेंटच्या घरांतही लोक तसबिरी तितक्याच उंच लावत राहिले. तिथं मात्र त्या उंचीला काही कारण उरलं नाही.

आता आसपासच्या खेड्यांत नवं घर म्हणजे बहुतेकदा घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि सपाट प्रदेशासाठी मंजूर अनुदान १ लाख २० हजार रुपये. पदरचे पैसे घातल्याशिवाय घर पुरं होत नाही, आणि पैसे संपतात ते साधारण प्लास्टरपाशी. रंग पुढच्या कापसावर, मोसंबीवर ढकलला जातो. अशा घरात गेलं की चारही भिंती करड्या आणि समोर एकच कॅलेंडर. देवळ्या नाहीत, कोनाडे नाहीत. खिळा ठोकायला जावं तर तो वाकतो. ड्रिल मशीन आणून गिट्टी बसवावी लागते, आणि ते मशीन घरात नसतं. म्हणजे भिंत पक्की झाली, पण तिच्यावर काही लावणं पूर्वीपेक्षा अवघड झालं. भिंतीवर दरवर्षी हात चालवायची सवय बाईच्या हातातून सुटली ती इथं. माती पोतारता येते. डिस्टेंपरवर गेरू ओढला तर घरातलेच ओरडतात.

छापील चित्रांचा घरोबा

थोड्या पैशांत चित्र घरात आणायची मराठी घरांची सवय जुनी आहे, आणि तिच्यामागे छापखाने आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. तिथल्या शिळाप्रेसवर छापलेली रामपंचायतनासारखी रंगीत चित्रं सामान्य घरात पोहोचली. १८९४ मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना सुरू केला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीनं देवांचे चेहरे इतके पक्के ठरवून दिले की आजही बाजारातल्या तसबिरी त्याच वळणावर जातात. राजवाड्यात टांगलेलं तैलचित्र ज्याला पाहायलाही मिळालं नसतं, त्याच्या देवघरात त्याची छापील प्रत आली.

असं इतरत्रही झालंय. जपानी चित्रकार होकुसाईची उसळती लाट आज जगभरच्या संग्रहालयांत आहे, पण १८३०च्या दशकात ती तिथल्या शहरी माणसाला नूडल्सच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत मिळत होती. कोलकात्याच्या कालीघाटाला येणारे यात्रेकरू पटुआंनी भराभर रंगवलेली चित्रं पैशा-दोन पैशांना घेऊन जात. मत्स्योदरीच्या यात्रेत देवीचा चमकीदार फोटो घेणारी बाई याच रांगेतली आहे.

मराठी घरात या छापील चित्रांना आणखी एक वाट होती, ती म्हणजे दिवाळी अंक. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं अंक वाचून झाल्यावर कापून ठेवली जात, काहींच्या घरी काचेत जात. दलाल आणि मुळगावकर दोघेही मूळचे गोव्याचे. अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित कॅलेंडरांसाठी देवदेवता रंगवत होते. कॅलेंडर फुकट मिळे. किराणा दुकानदार देई, बियाण्याची कंपनी देई. वर्ष संपलं की तारखांचा भाग कापायचा आणि वरचं चित्र ठेवायचं, ही कला घरात आणण्याची सर्वांत स्वस्त रीत होती. अंबडच्या एका घरात अशी कापून ठेवलेली चित्रं मी पाहिली. सगळी निळसर पडली होती. छपाईच्या शाईतला पिवळा आणि किरमिजी रंग उन्हानं आधी उडतो, निळा मागे राहतो. म्हणून जुन्या चित्रातला गणपतीही निळ्याकडे झुकतो.

भिंतीवरची ही चित्रं घर कुणाचं आहे तेही सांगतात. बाबासाहेब आणि बुद्ध, मक्केचं चित्र, अण्णाभाऊ साठे, विठ्ठल, अहिल्यादेवी. होळकरांचं आणि या गावाचं नातं जुनं, त्यामुळे अहिल्यादेवींची हाती पिंड घेतलेली तसबीर इथं जागोजाग दिसते. शिवाजी महाराजांचं राज्य शासनानं मान्य केलेलं चित्र कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं. सिनेमाची पोस्टरं रंगवणारा हा कलावंत. त्यांच्या हातचं चित्र किती भिंतींवर आहे याची गणती करणं अशक्य आहे, आणि नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे. मला हे खटकतं. तसबिरीच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव छापायला कितीशी शाई लागते?

नव्या घरांत मात्र ही ओळख पुसत चाललीय. ऑनलाइन मागवलेले पाच तुकड्यांतले सनबोर्ड, सात पांढरे घोडे, धबधबा, इंग्रजी अक्षरांत ‘होम’. वास्तूसाठी घोडे लावायला माझी हरकत नाही. पण तेच घोडे जालन्यात, तेच बीडमध्ये, तेच पुण्यात. त्या पैशात त्या घरातलं, त्या माणसांचं काहीच येत नाही, आणि सहाशे-सातशे रुपये गावाबाहेर जातात. तेवढ्याच पैशात अंबडमध्येच काय होऊ शकतं, ते पाहण्यासारखं आहे.

रुखवताची पेटी

बऱ्याच घरांत चित्रांचा साठा आधीच असतो आणि तो लोखंडी पेटीत कुलूपबंद असतो. लग्नात मांडलेलं रुखवत. दुसुती कापडावर टाक्याटाक्यानं भरलेले पोपट, मण्यांचं तोरण, काचेवर रंगवलेले राधाकृष्ण, पिस्त्याच्या टरफलांची फुलं, लोकरीचा ताजमहाल. मुलीनं, तिच्या आईनं, मावशीनं महिनोन् महिने बसून केलेलं हे काम मांडवात एक दिवस सगळे पाहतात, वाखाणतात, आणि मग ते सासरच्या पेटीत जातं. एका काकूंनी माझ्यासमोर पेटी उघडली. तळाशी जुन्या साडीत गुंडाळलेला मोर होता, हात-दीड हात लांब, दोऱ्याचे रंग अजून ताजे. “मॅट्रिक झाल्यावर भरला. वीसेक वर्षं झाली असतील. लावायचा कुठं? पोरं म्हणतात, जुन्या फॅशनचा आहे.”

तो मोर मी बराच वेळ पाहत राहिलो. पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्यात चार रंग, आणि कडेच्या तीन डोळ्यांत हिरवा संपला म्हणून पोपटी वापरलेला. त्या बदलामुळे पिसारा कडेला उजळत गेलेला दिसतो. असं काम शहरातल्या हस्तकला प्रदर्शनात कित्येक हजारांना जातं. इथं त्याला पाहिजे फक्त एक चौकट.

पैठण इथून फार लांब नाही. पैठणी ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे ती आजीची, पणजीची असते आणि घडीवर चिरलेली असते. नेसता येत नाही, टाकवत नाही. धड राहिलेला पदराचा तुकडा, त्यातला बांगडी मोर किंवा कमळ चौकटीत लावता येतं. वाकळ तर आणखी सोपी. जुन्या धोतरा-लुगड्यांचे तुकडे जोडून घातलेली, टाक्यांच्या रांगा फिरत फिरत मध्यापर्यंत नेलेली. वरच्या कडेला कापडाची नळी शिवायची, तिच्यातून बांबू घालायचा आणि पलंगामागच्या भिंतीवर टांगायची. एवढ्या मोठ्या भिंतीला पुरेल असं चित्र विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणार नाही.

कापड काचेत घालताना दोन गोष्टी पाळाव्या लागतात, आणि दोन्ही दुकानदाराला आपणहून सांगाव्या लागतात. कापड गोंदानं चिकटवायचं नाही; पांढऱ्या सुती कापडावर कडेनं चार टाके घालून धरायचं. आणि ते काचेला टेकू द्यायचं नाही, मध्ये बोटभर जागा ठेवायची. पावसाळ्यात काचेच्या आत दमटपणा धरतो, आणि टेकलेल्या जागी बुरशीचे ठिपके येतात.

पट्टी, काच, पाठ

मी फ्रेमवाल्यांकडे पुन्हा गेलो ते कारागिरी पाहायला. चित्राला लागणाऱ्या पैशांतले बहुतेक चौकटीवर जातात, तेव्हा ते नीट कुठे जातात हे समजून घ्यायला हवं.

पट्टी फुटावर विकली जाते. लाकडी पट्टी महाग, तिच्या जागी आता फायबरची आलीय; तिला वाळवी लागत नाही, आणि मराठवाड्यात ही लहान गोष्ट नव्हे. चारही तुकड्यांची टोकं ४५ अंशांत कापायची, गोंद लावून कोन जुळवायचा, मशीननं आतून चूक मारायची. कोनात फट राहिली तर काळी लांबी भरून झाकतात. म्हणून चौकट घेताना आधी कोन पाहावेत. मग दोन मिलिमीटरची काच. फ्रेमवाल्यांनी पट्टी धरून हिऱ्याच्या टोकाची एक रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर आणली आणि हलकेच दाबली. टक् असा आवाज झाला आणि तुकडा सरळ निघाला. रेघ एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढली तर काच वाटेल तिकडे जाते, असं ते म्हणाले. काचेमागे चित्र, चित्रामागे पाठ, आणि पाठीच्या कडांवरून तपकिरी टेप, धूळ आणि कसर आत शिरू नये म्हणून.

काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी कापून घालतात, तिला माउंट म्हणतात. ग्राहक बहुतेकदा ते वाचवतात. मी ज्याला त्याला सांगेन की पट्टी साधी घ्या, पण माउंट घाला. चित्र काचेपासून सुटतं, चिकटत नाही. आणि भोवती दोन-अडीच इंच पांढरी जागा मिळाली की पोस्टकार्डाएवढं चित्रही भिंतीवर उभं राहतं. १२ बाय १८ इंचांची अशी चौकट इथं साधारण चारशे रुपयांच्या आसपास होते. सोनेरी नक्षीच्या रुंद पट्टीत पैसे घालून माउंट वगळलं तर दोन्हीकडून तोटा.

लॅमिनेशनचं प्रकरण वेगळं. एमडीएफच्या पाटीवर फोटो ठेवून वर प्लास्टिकचा पापुद्रा गरम दाबानं बसवतात. हलकं, न फुटणारं, निम्म्या पैशात. नव्या छापील फोटोला ते चालतं, कारण बिघडला तर दुसरा छापता येतो. पण एकदा बसवलेला पापुद्रा परत निघत नाही. आजोबांच्या बायकोचा एकुलता एक फोटो, किंवा त्या मुलीचं तांब्या-वांग्यांचं चित्र लॅमिनेशनला देणं म्हणजे ते कायमचं अडकवणं. जलरंगाच्या कागदाला तर ती उष्णता सोसतही नाही. फ्रेमवाल्यांना मी हे विचारलं तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं : “जुना फोटो असला तर मी आधी स्कॅन करून घ्या म्हणतो. स्कॅन लॅमिनेट करा, असली कपाटात ठेवा. पण घाईत ऐकतं कोण?”

शालेय चित्रांबद्दल थोडं सांगायलाच हवं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा. तालुक्याच्या गावांतून मुलं त्यांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचे सरावाचे कागद घराघरांत गठ्ठ्यानं पडलेले असतात आणि दहावीनंतर रद्दीत जातात. स्मरणचित्रात मुलं आपलाच बाजार, आपलीच यात्रा, आपलाच पाणवठा काढतात. अंबडची टेकडी, पायऱ्या, पाळणे मी अशा एका कागदावर पाहिले. माणसांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पण पाळण्यांचा वेग बरोबर आला होता. एखाद्या घराला भिंतीसाठी आणखी काय हवं?

फोटो फाटतो

फ्लेक्सची दुकानं अंबडमध्ये जागोजाग आहेत आणि त्यांचं बहुतेक काम वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजलीच्या फलकांचं. त्याच यंत्रांवर आणि फोटो लॅबमध्ये घरासाठी उत्तम चित्रं छापून मिळतात. अडचण येते ती फाइलची. लोक व्हॉट्सॲपवर आलेला फोटो देतात. तिथं तो दाबून लहान झालेला असतो, आणि मोठा केला की फाटतो, म्हणजे चौकडे दिसू लागतात. हिशेब सोपा आहे : जवळून पाहायच्या चित्राला इंचाला २०० ठिपके लागतात. म्हणजे १२ बाय १८ साठी २४०० बाय ३६००ची फाइल. बैलजोडीवाल्या शेतकऱ्याचा मूळ फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून निभावलं. तोच व्हॉट्सॲपवरून आला असता तर शिंगांच्या कडा गेल्या असत्या. फाइल पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही.

मोठ्या, स्वच्छ फाइली मिळवायला आता पैसे पडत नाहीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रफाइली कुणालाही वापरायला खुल्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं असंच केलंय. होकुसाईची लाट, पहाडी लघुचित्रं, मुघल फुलांची पानं त्यांत आहेत. मोबाइलवर उतरवायची आणि लॅबमध्ये मॅट कागदावर छापायची. चकचकीत कागद टाळावा; ट्यूबलाइट आणि काचेची चकाकी मिळून चित्र दिसतच नाही.

आपल्याकडच्या चित्रांना कायदा लागतो तो असा. चित्रकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये. त्यांची चित्रं छापून लावायला कुणाला विचारावं लागत नाही. धुरंधरांनी रंगवलेल्या बायका, त्यांची लुगडी, बाजाराला निघालेली माणसं लघुचित्रांसारखी छोट्या आकारात फार सुरेख उठतात, आणि मराठी घरात ती शोभतात. दलालांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत, मुळगावकरांच्या चित्रांवरचा २०३६ अखेरपर्यंत. त्यांची फाइल काढून छापू नये. मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा रद्दीत ‘दीपावली’चा मूळ अंक सापडला आणि त्याचं मुखपृष्ठ आपण काचेत लावलं, तर त्याला कसली आडकाठी नाही, आणि ते चित्रकाराच्या काळातल्याच शाईत छापलेलं असतं. अंक फाडू नये, पूर्ण अंकच खोल चौकटीत बसवून घ्यावा.

कुठे लावावं, याचं उत्तर खोलीत माणसं कशी बसतात त्यावर आहे. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर ठेवायची पद्धत आहे, ती उभ्यानं पाहणाऱ्यांसाठी. जिथं जेवण, अभ्यास, पाहुणे सगळं सतरंजीवर, तिथं ते चांगलं फूटभर खाली यावं. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नये. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन शाई खातं. मोरीच्या किंवा पन्हळीच्या मागच्या भिंतीला लावायचंच असेल तर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या चकत्या चिकटवाव्यात, मागे वारा खेळतो. घरकुलाच्या लहान खोलीत दहा चित्रांची गर्दी करण्यापेक्षा, दारातून आत येताच दिसेल अशा भिंतीवर एकच चांगलं, मोठं चित्र असावं, असं माझं ठाम मत झालंय.

बोलक्या भिंती

फ्लेक्स आला आणि गावोगावचे पेंटर बसले. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतींवरच्या जाहिराती, सगळं यंत्रावर गेलं. अंबड परिसरातल्या एका पेंटरचं घर आता जिल्हा परिषदेच्या शाळांवर चालतं. ‘बोलक्या भिंती’ म्हणून शाळांच्या भिंतींवर पाढे, नकाशे, प्राणी, फळं रंगवून घेतात, ते काम. वऱ्हांड्याच्या खांबांना पेन्सिलींचा आकार, जिन्याच्या पायऱ्यांवर अंक. त्यांचा हात इतका सरावलेला की निळीत बुडवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणून एकदा टिचकी मारतात आणि पंधरा फुटांची रेघ भिंतीवर उमटते.

घरातली एक भिंत रंगवून द्याल का, असं त्यांना फारसं कुणी विचारत नाही. चित्र म्हणजे विकत आणून टांगायची वस्तू, हे लोकांच्या मनात बसलंय. हिशेब मात्र त्यांच्या बाजूचा आहे. पाच बाय चार फुटांचा छापील कॅनव्हास चौकटीसह काही हजारांवर जातो. तेवढीच जागा हातानं रंगवायला दोन दिवसांची मजुरी आणि ॲक्रिलिक रंगाचे चार छोटे डबे.

त्यांच्याबरोबर मी एका घरकुलात गेलो. घर नवं, भिंत पहिल्यांदाच रंगणार. पेंटरनी आधी तळवा भिंतीला लावला, मग नखानं कोपरा खरवडला. पांढरी पूड हाताला आली. “लोणा हाय अजून. आत्ता रंगवलं तर पावसाळ्यापर्यंत पोपडे धरतील. उन्हाळा खाऊ द्या भिंतीला. मे महिन्यात घासून, प्रायमर मारून मग चित्र.” काम हातातलं जात असूनही त्यांनी हे सांगितलं, याचा मला फार आदर वाटला.

घरातल्या ताईंनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. वाळवंट, उंट, मागे किल्ला. पेंटर ते बराच वेळ पाहत राहिले. “काढतो की. पण ताई, जुनं घर होतं त्याच्यापुढं काय होतं तुमच्या?”

ताई काही बोलायच्या आत आतून सासूबाई आल्या. लिंबाचं झाड होतं, त्याला पार होता, पारावर मामंजी बसायचे. रस्ता रुंद झाला तेव्हा झाड गेलं. ताईंना तो पार नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून आठवत होता. शेजारी हापसा होता, तोही हवा. उंट मागे पडला. पेंटरनी खडूनं भिंतीवर बुंध्याच्या दोन रेघा ओढल्या, पाराचा गोल अर्धा काढला आणि विचारलं, हापसा कुठल्या अंगाला? ताई म्हणाल्या उजव्या. सासूबाई म्हणाल्या, “कामून उजव्या? डाव्या अंगाला व्हता, तिथंच तर घसरून पडली व्हती तू.” दोघी दारात उभ्या राहून हात करून दिशा दाखवू लागल्या, शेजारच्या मावशींनाही बोलावणं गेलं. पेंटरनी खडू खिशात टाकला आणि रंगाचा हिशेब कागदावर मांडायला घेतला : हिरवा जास्त लागेल, पाराला करडा, मजुरी दोन दिवसांची, विसार पाचशे. हापसा मे महिन्यापर्यंत ठरवून ठेवा, म्हणाले.